ती मुलं मेली कशी, तेही लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला 'डेड बॉय डिटेक्टिव्ह्ज' या इंग्रजी कॉमिक्सवरचा लेख काल वाचला. मुलांच्या हाती सुटीत द्यावी अशी हलकीफुलकी भूतकथा, असा त्याचा एकूण सूर. चार्ल्स आणि एडविन ही दोन भुतं, त्यांची गुप्तहेरगिरी, चेटकीण, मांजरांचा राजा, २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली आठ भागांची मालिका आणि ती एकाच हंगामात गुंडाळली म्हणून हळहळ, सगळं आलं. ही दोन मुलं मेली कशी, तेवढं मात्र राहिलं. माझ्या मते गोष्ट तिथेच आहे.

ही मुलं पहिल्यांदा आली तो नील गेमन यांच्या 'सँडमॅन' या कॉमिक्सचा १९९१ मधला २५वा अंक लेख लिहिणाऱ्याने एकदा उघडून बघावा. इंग्लंडमधली निवासी शाळा. एडविन पेनला तिथल्याच मुलांनी १९१६ मध्ये मारलं. त्यानंतर तो नरकात होता, काही गुन्हा नसताना. पुढे नरक रिकामा होतो, मेलेले परत येतात आणि त्याला मारणारेही त्याच शाळेत परततात. सुटीतही शाळेतच राहावं लागलेला चार्ल्स रोलंड त्यांच्या तावडीत सापडतो. छळ, थंडी, माळ्यावरचा मुक्काम आणि शेवटी मरण. सोबतीला फक्त एडविन. मृत्यू न्यायला येतो तेव्हा चार्ल्स एडविनला सोडून जायला नकार देतो. या प्रसंगाला हलकंफुलकं म्हणणाऱ्याने तो वाचलेला नाही, असं मी स्पष्टच म्हणतो.

हे मला इतकं लागतं याला कारण आहे. सातवीत मी वसतिगृहात होतो. दिवाळीत बहुतेक मुलं गावी गेली, आम्ही चार-पाच जण मागे राहिलो. दहावीच्या मुलांनी मला गाद्या ठेवायच्या खोलीत कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. रात्रभर दार ठोकत होतो. सकाळी स्वयंपाकाच्या मावशींनी दार उघडलं. रेक्टरांकडे तक्रार केली तर ते म्हणाले, "मोठी मुलं आहेत, असं चालायचंच." त्या मुलांना साधं बोलावूनसुद्धा विचारलं नाही. वडिलांना पत्र लिहिलं, ते वसतिगृहाच्या ऑफिसमधून पुढे गेलंच नाही. पुढे नोकरीला लागल्यावर मुंबईत फाउंटनच्या पदपथावर 'सँडमॅन'चा तो जुना अंक हाती लागला. चार्ल्सजवळ रात्रभर बसलेला एडविन बघितला आणि मला पुढचं पान उलटवेना. त्या खोलीत माझ्याजवळ कोणी नव्हतं.

ही मुलं गुप्तहेर होतात ती करमणुकीसाठी नव्हे. त्यांच्या मरणाची चौकशी कोणी केली नव्हती. १९९३ च्या 'चिल्ड्रन्स क्रुसेड' या कॉमिक्समध्ये एका गावातली मुलं नाहीशी होतात आणि भावाला शोधून द्या म्हणून एक मुलगी यांच्याकडे येते. ती मुलं पोचतात कुठे, तर मोठ्यांच्या जाचातून सुटलेल्या मुलांसाठीच असलेल्या एका जगात. नेटफ्लिक्सच्या मालिकेतसुद्धा चार्ल्सच्या मारकुट्या बापाचा भाग आहे. लेखात त्यावर एक ओळ नाही.

मुलांना हे वाचायला देऊ नका, असं माझं म्हणणं नाही. चौदा-पंधराव्या वर्षी जरूर द्या. पण 'सँडमॅन' पुढे ज्या 'व्हर्टिगो'तून निघू लागलं, ती डीसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाची प्रौढ वाचकांसाठीची शाखा होती, हे पालकांना सांगायला हवं होतं. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती तो २५वा अंक देऊन चालणार नाही. आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला देणार असाल, तर शेजारी बसून वाचा.

आणखी एक. लेखात नील गेमन यांचं नाव तीनदा आहे, चित्रकाराचं एकदाही नाही. या मुलांना चेहरा दिला मॅट वॅगनर यांनी, शाई भरली माल्कम जोन्स तिसरे यांनी. पुढे ब्रायन टॅलबॉट आणि मार्क बकिंगहॅम यांनी ती रेखाटली. कॉमिक्सवर लिहायचं आणि चित्रकार गाळायचे, हे कसं चालेल? तुमच्या पुरवणीत कथांना इतकी सुंदर रेखाचित्रं असतात, त्यांच्याखालीही कित्येक महिने नाव छापलेलं नाही. याच लेखाबरोबरचं माळ्याच्या खिडकीचं चित्र मी कापून ठेवलं आहे. ते कोणी काढलं, एवढं पुढच्या रविवारी छापावं ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज