जज आधी पुढारी होता, म्हणून काय झालं?

मा. संपादक,

मध्यंतरी एका पक्षाच्या माजी प्रवक्त्यांना हायकोर्टाच्या जज केलं, त्यावरून उठलेला गदारोळ आमच्याकडं अजून थांबला नाही. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच (म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) आल्यापासनं तर चहाच्या गाड्यावरपण तोच विषय. मला मात्र यात अमेरिकेचा सॅम्युएल चेस आठवतो.

हा मेरीलँडचा वकील आणि पक्का राजकारणी. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर याची सही आहे, पण दोनच वर्षांत काँग्रेसमधली (तिकडची, आपली नव्हे) आतली माहिती वापरून पिठाच्या धंद्यात हात मारतोय असा आरोप झाला आणि अलेक्झांडर हॅमिल्टन या तिथल्या दुसऱ्या पुढाऱ्यानं पेपरातनं त्याची पार बिनपाण्यानं केली. पुढं यानं नव्या राज्यघटनेला विरोध केला, आणि गंमत बघा, त्याच घटनेनं जन्माला घातलेल्या सुप्रीम कोर्टावर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टननं त्याला 1796 ला नेमलं.

इथपर्यंत माझा काही आक्षेप नाही. घोळ नंतर झाला. जज असताना 1800 च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष ॲडम्सचा उघड प्रचार केला. तेव्हा सुप्रीम कोर्टाचे जज फिरतीवर जाऊन कोर्ट चालवायचे, तसा 1803 ला बाल्टिमोरला ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा की नाही ते ठरवणारे नागरिक) बसला आणि काम राहिलं बाजूला, सरसकट सगळ्यांना मत दिलं तर झुंडशाही येईल म्हणून भाषणच ठोकलं, राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या लोकांवर तोंडसुख घेतलं ते वेगळंच. मग महाभियोग. 1805 ला सिनेटमध्ये खटला, खुर्चीवर उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर, ज्यानं आदल्याच वर्षी द्वंद्वात त्या हॅमिल्टनला ठार केलेलं! दोषी ठरवायला 34 पैकी 23 मतं पाहिजे होती, जेफरसनच्या पक्षाचेच 25 होते, तरी जास्तीत जास्त 19 पडली. चेस सुटला आणि 1811 ला मरेपर्यंत जजच राहिला.

आपल्याकडं सुप्रीम कोर्टाचे जज कृष्ण अय्यर आधी 1957 ला केरळच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते. पण 24 जून 1975 ला त्यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द करणाऱ्या हायकोर्टाच्या निकालाला पूर्ण स्थगिती न देता अटी घातल्या, तेव्हा त्यांच्या जुन्या मंत्रिपदाचा विषय कुणी काढला का? उलट बहारुल इस्लाम बघा, राज्यसभेतनं हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, आणि 1983 ला राजीनामा देऊन परत राज्यसभा. मला खटकतं ते हे रिटर्न तिकीट.

तेव्हा नेमणुकीवर ओरडत बसण्यापेक्षा, खुर्ची सोडल्यावर काही वर्षं कुठलंच राजकीय पद घ्यायचं नाही असा कायदा मागा की. बेंचसाठी इतकी वर्षं आंदोलनं करणाऱ्या सहा जिल्ह्यांच्या वकील मंडळींनी तसा एक ठराव तरी करावा.

- एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर