मूर्तीला अश्रू आले, तर आधी मागची भिंत पाहा

महोदय,

सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा आणि फेब्रुवारीत आपल्या नाशिक रोडच्या बाळ येशूची यात्रा आली, की मारिया मातेच्या दर्शनाच्या आणि मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी आल्याच्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागतात. त्यांच्या बातम्या होतात तेव्हा एका बाजूला भाविक असतात आणि दुसऱ्या बाजूला विवेकवादी. खुद्द कॅथलिक चर्च असा दावा कसा तपासते, हे मात्र छापून येत नाही. वास्तविक या बाबतीत चर्चइतके चिवट संशयखोर कमीच.

मुळात निर्णय गावच्या फादरांच्या हातात नसतो. उद्या नाशिकमध्ये असा दावा झाला, तर बिशपांनी चौकशी मंडळ नेमायचे. त्यात किमान एक ईशज्ञानाचा अभ्यासक, एक चर्चच्या कायद्याचा जाणकार आणि घटनेच्या स्वरूपानुसार एक तज्ज्ञ हवा. तोवर जाहीर विधान करायचे नाही आणि अंतिम निष्कर्षाला व्हॅटिकनची संमती घ्यायची. मे २०२४ पासून लागू झालेल्या नियमांत सहा निष्कर्ष दिले आहेत. त्यातला सर्वांत अनुकूल निष्कर्षसुद्धा ‘हरकत नाही’ एवढाच आहे. घटना दैवी असल्याचा निर्वाळा आता एरवी दिलाच जात नाही. बोस्निया-हर्झेगोविनातल्या मेजुगोर्ये गावी १९८१ पासून सांगितल्या जाणाऱ्या मारिया मातेच्या दर्शनांबाबत सप्टेंबर २०२४ मध्ये व्हॅटिकनने हेच केले: तिथल्या भक्तीला हरकत नाही, दर्शने खरी की खोटी, यावर निवाडा नाही. याचे ‘दर्शनांना मान्यता’ असे शीर्षक करणे चूक आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये रोमजवळच्या त्रेविन्यानो इथला दावा स्थानिक बिशपांनी साफ फेटाळला. तिथे मूर्तीच्या रक्ताश्रूंच्या जोडीला पिझ्झा आपोआप वाढल्याचेही सांगितले जात होते!

बरे होण्याच्या दाव्यांची चाळणी तर फारच बारीक आहे. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ मध्ये बर्नादेत या मुलीला मारिया मातेचे अठरा वेळा दर्शन झाल्याचे सांगतात. बिशपांनी चौकशी लावली आणि निर्णय आला १८६२ मध्ये. तिथे बरे झाल्याचे दावे तपासणारे वैद्यकीय कार्यालय १८८३ पासून चालू आहे. सात हजारांहून अधिक लोकांनी बरे झाल्याची नोंद केली, त्यांपैकी २०२५ पर्यंत चमत्कार म्हणून मान्य झाले ७२. कसोट्या अठराव्या शतकातल्या लाम्बेर्तिनी या धर्माधिकाऱ्याच्या. तेच पुढे पोप झाले. आजार गंभीर हवा, निदान पक्के हवे, सुधारणा अचानक आणि पूर्ण हवी, औषधाचा गुण आलेला नसावा आणि आजार उलटता कामा नये. या शेवटच्या अटीपायी वर्षानुवर्षे थांबावे लागते. २००८ मध्ये बऱ्या झालेल्या एका फ्रेंच सिस्टरची घटना मान्य व्हायला २०१८ उजाडले. बहुतेक दावे अडतात ते आधीच्या कागदांवर. बरे झाल्यानंतरचे रिपोर्ट सगळे जपतात. आधीची बायोप्सी, एक्स-रे, चालू औषधांची यादी यांचा पत्ता नसतो. मग तुलना करायची कशाशी?

आता मूर्तीविषयी. पाणी दिसले की लोक पहिल्यांदा ते रुमालाने टिपून घरी नेतात. झाले, पुरावा संपला. हात लावण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा आणि खोलीचे तापमान व आर्द्रता लिहून ठेवावी. निर्जंतुक कुप्यांत दोन नमुने घेऊन साक्षीदारांसमोर सील करावेत: एक तपासणीला, एक राखीव. मग मूर्तीची मागची बाजू पाहावी. वर टाकी आहे का, भिंतीतून नळ गेला आहे का, ओल कुठवर चढली आहे? आपल्याकडच्या पावसाळ्यात निम्म्या दाव्यांचा उलगडा इथेच व्हावा. थंडीत कारण वेगळे असते. जानेवारीच्या पहाटे गार पडलेली संगमरवरी मूर्ती, बंद चॅपेल, पेटत्या मेणबत्त्या आणि शंभर माणसांचे श्वास. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपेपर्यंत गालावर दव जमते. पुसून कोरडी केलेली मूर्ती काचपेटीत बंद करून सतत चित्रीकरण ठेवले, की बरेच कळते.

लबाडीही अवघड नाही. पोकळ प्लास्टरची मूर्ती आतून पाणी शोषते, बाहेरचा चकचकीत लेप ते अडवतो. डोळ्यांपाशी लेप किंचित खरवडला की थेंब बरोबर तिथूनच येतात. इटलीतल्या एका रसायनतज्ज्ञाने असे करून दाखवले आहे. म्हणून द्रवाच्या तपासणीबरोबर मूर्तीचा सीटी स्कॅनही हवा. रक्तासारखे दिसले, तर ते माणसाचे आहे का आणि कोणाचे, हे डीएनए सांगेल.

साक्षी घ्यायच्या त्या त्याच दिवशी, एकेकाला वेगळे बसवून. ‘निळी शाल होती ना?’ असे विचारले की पुढच्या दहा जणांना निळी शालच दिसते. ‘काय दिसले?’ एवढेच विचारावे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपून. दानपेटी केव्हा ठेवली गेली, हेही टिपावे. चमत्काराचा देखावा करून पैसे मिळवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग देव कोणाचाही असो.

शेवटचा मुद्दा तातडीचा आहे. १९१७ मध्ये पोर्तुगालमधल्या फातिमा या गावी दर्शनाच्या वेळी लोकांना सूर्य फिरताना दिसल्याचे सांगतात, तेव्हापासून दर्शनाच्या जागी सूर्याकडे टक लावून पाहण्याची प्रथा पडली. सूर्याकडे पाहत राहिले की डोळ्यांपुढे रंगीत वर्तुळे नाचणारच. पण त्याच वेळी नेत्रपटलाचा मधला भाग भाजतो. दुखत नाही, म्हणून माणूस बघतच राहतो. २००८ मध्ये केरळमधील कोट्टायम जिल्ह्यात याच कारणाने अनेकांची दृष्टी अधू झाली. अशी बातमी छापताना ‘सूर्याकडे पाहू नका, पाहिले असेल आणि नजरेच्या मधोमध डाग दिसत असेल, तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा’ एवढी ओळ ठळक चौकटीत द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक रोड