गगनयानाचा खर्च तपासताना

महोदय,

भारतीय अंतराळवीरांना अवकाशात पाठवण्याच्या गगनयान कार्यक्रमाचा मंजूर खर्च 2024 मध्ये 20,193 कोटी रुपयांवर गेला; त्यात भावी अंतराळ स्थानकाचा पहिला भागही धरला असला, तरी चांद्रयान-3 सुमारे 615 कोटींत झाले हे पाहता, एवढा खटाटोप कशासाठी हा प्रश्न गैरलागू नाही. माणूस बसवायचा म्हटले की श्वासाच्या हवेपासून संकटकाळच्या सुटकेपर्यंत सारी तजवीज करावी लागते. 21 ऑक्टोबर 2023 रोजी श्रीहरिकोट्यात सुटका यंत्रणेची चाचणी अवघे पाच सेकंद उरले असताना थांबली, दोष शोधून त्याच सकाळी पार पडली आणि कुपी (अंतराळवीरांनी बसायचा कक्ष) पॅराशूटने बंगालच्या उपसागरात उतरली. माझ्या मते खर्चाचे समर्थन या कौशल्यात आहे, निव्वळ राष्ट्राभिमानात नव्हे. इस्रोने टप्पानिहाय हिशेब भारतीय भाषांतून प्रसिद्ध करावा.

– एक वाचक, पुणे