टी कुठे उडाली याचा धसका नको

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
फाल्गुन

प्रिय मित्रा,

सप्रेम जय हिंद.

तुझं पत्र मिळालं. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून आईचा जीव भांड्यात पडला. तुझ्यासाठी जवसाची चटणी करून ठेवायची म्हणून तिने तेव्हाच सुनेला सांगितलं. इकडे कापसाची उलंगवाडी झाली, तूर घरात आली, हरभराही निघाला. वावर मोकळं झालं की संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब (काठी), काढतो, हे तुला ठाऊकच आहे. धुऱ्याला उभं राहून नाल्याच्या दिशेने मारायचं आणि पुतण्याने चेंडू गोळा करायचे, असा आमचा शिरस्ता आहे.

पण तुझ्या पत्रातला टीबद्दलचा, म्हणजे जमिनीत खोचून जिच्यावर चेंडू ठेवतो त्या काडीबद्दलचा, मजकूर वाचून मला खरंच काळजी वाटली. गोल्फ क्लबातल्या कुणीतरी तुला सांगितलं, की ड्रायव्हर मारल्यावर टी उडून मागे पडली तर स्विंग (क्लब फिरवण्याची ढब) बरोबर, पुढे पडली तर चूक, आणि जागेवर उभी राहिली तर सर्वात उत्तम. तेव्हापासून तू टी मागे पाडण्यासाठी उजव्या पायावर रेलून चेंडू खालून उचलायला लागलास. आता चेंडू टॉप होतो, म्हणजे क्लब त्याच्या वरच्या भागावर लागतो, आणि कंबर धरते. गड्या, छावणीच्या मैदानावर आपण एकत्र खेळायचो तेव्हा तुझ्यासारखा सहज स्विंग दुसऱ्या कुणाचा नव्हता. तो एका लाकडी काडीपायी मोडू नकोस. टी खोटं बोलत नाही, पण तिला जेवढं ठाऊक आहे तेवढंच तिच्याकडून ऐकायचं असतं.

आधी ‘जागेवर राहिली तर उत्तम’ हे घे, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. आपण टी कशी लावतो? ड्रायव्हर जमिनीवर टेकवला की अर्धा चेंडू क्राउनच्या, म्हणजे क्लबच्या डोक्याच्या वरच्या बाजूच्या, वर दिसला पाहिजे, अशी. आजच्या ड्रायव्हरचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, उंचीला साधारण ६० मि.मी. धर. म्हणजे चेंडूचा मध्य जमिनीपासून ६० मि.मी.वर आला. चेंडूचा व्यास नियमाप्रमाणे किमान ४२.६७ मि.मी. असतो, म्हणून त्याचा तळ, म्हणजेच टीचं डोकं, ३९ मि.मी.च्या आसपास. आता चेंडू फेसच्या बरोबर मध्यावर बसला असं समज. त्या क्षणी क्लबचा सोल, म्हणजे खालची बाजू, जमिनीपासून ३० मि.मी.वर असणार. टीचं डोकं ३९ वर आणि सोल ३० वर. टीचा वरचा सुमारे एक सेंटिमीटर फेसच्या वाटेत उभाच आहे! चेंडू मध्याच्या किंचित वर बसला, जे लांबीसाठी आणखी चांगलं, तर सोल आणखी खाली असतो आणि टी आणखी सापडते. क्लब वर चढत असला तरी फार फरक पडत नाही. चेंडूला लागल्यापासून टीपर्यंत त्याला जेमतेम दोन सेंटिमीटर जायचं असतं, आणि पाच अंशांच्या चढाने तेवढ्यात तो दोन मिलीमीटरही वर जात नाही.

म्हणून एवढ्या उंच लावलेली टी दर वेळी जशीच्या तशी उभी राहत असेल तर खूश होऊ नकोस, फेस बघ. चेंडू फेसच्या खालच्या भागावर बसत असण्याची शक्यता जास्त. तिथे बसलेला चेंडू खाली सुटतो आणि त्याला उलटी फिरकी जास्त लागते, त्यामुळे अंतर जातं. तू लिहिलंयस की टी उभी राहते त्या दिवशी चेंडू निघतोही खाली आणि पुढे जाऊन हवेत तरंगल्यासारखा होतो. दोन्हीचं मूळ एकच असावं.

आता मागे आणि पुढे. चेंडू सुटताना टीच्या वाटीची पुढची कड ढकलतो, मागोमाग क्लबही टीला गाठतो. दोघेही तिला पुढेच लोटतात. मग ती मागे का येते? कारण तिचा अर्धा भाग जमिनीत असतो. जमीन घट्ट असेल तर टी वाकते, माती तिला सोडत नाही, आणि वाकलेली टी सरळ होताना उसळून मागे पडते. जमीन भुसभुशीत असेल तर उपटून पुढे जाते. स्विंग तोच, माती वेगळी, म्हणून टी वेगळ्या बाजूला. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, आमची जमीनच दाखवते. आपली काळी कसदार माती पाणी धरते तेव्हा फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. श्रावणात त्याच धुऱ्यावर टी अशी रुतते की चेंडू गेल्यावर ती फक्त आडवी होऊन चिखलात पडलेली दिसते. आता फाल्गुनात माती दगड झाली आहे. पेचकसाने आधी भोक पाडावं लागतं आणि टी एक तर जमिनीलगत मोडते किंवा मागे उडते. वरच्या बरड तुकड्यात, मुरमात, ती पुढे घसटत जाते. तुमच्या पुण्याच्या मैदानावर रोज पाणी मारलेलं गवत, त्याची तऱ्हा तिसरीच. आणि रेंजवरच्या (सरावाच्या जागेवरच्या) चटईतल्या रबरी टीला तर काहीच विचारू नये, ती वाकून परत उभी राहण्यासाठीच बनवलेली असते.

पुतण्याच्या मोबाइलवर स्लो मोशनमध्येही आम्ही पाहिलं. एक गोष्ट लक्षात घे, सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यालासुद्धा खरा आघात सापडत नाही. क्लब आणि चेंडूचा स्पर्श सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरता असतो. ताशी १६० किलोमीटर वेगाचा क्लब दोन चित्रांच्या मधे १८ सेंटिमीटरच्या वर पुढे निघून जातो. पण टीचं नंतरचं वाकणं आणि उसळणं दिसतं. ती आधी पुढे झुकते आणि मग मागे येते, ते बघताना मजा वाटते.

मग खालून वर मारायचं की नाही? मारायचं, पण रेलून नाही. क्लबचा फेरा जिथे सर्वात खाली येतो त्याच्या थोडा पुढे चेंडू असला की क्लब आपोआप चढत्या वाटेवर त्याला गाठतो. त्यासाठी चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूस ठेवायचा, उभं राहतानाच उजवा खांदा किंचित खाली आणि पाठीचा कणा लक्ष्यापासून थोडा दूर कललेला. एवढंच. स्विंगमध्ये वेगळं काही उचलायचं नाही. चढत्या वाटेवर मारलं की चेंडू उंच सुटतो आणि फिरकी कमी राहते. ज्याचा वेग कमी, त्याला याचा फायदा जास्त. ट्रॅकमन या फटका मोजणाऱ्या यंत्राच्या मोजमापांत महिला व्यावसायिक सरासरीने सुमारे तीन अंश चढत मारतात, तर पुरुषांच्या टूरची (व्यावसायिक स्पर्धांतली) सरासरी एखाद अंश उतरतीच आहे. आता सांग, ते पुरुष खेळाडू चूक मारतात का? त्यांच्याकडे वेग आहे, दिशेचा भरवसा त्यांना हवा असतो. तुझं-माझं वय बघता आपण बायकांच्या टूरकडून शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

टीच्या दिशेपेक्षा टीभोवतीची जमीन जास्त सांगते. मारल्यावर खाली वाकून बघ. टीच्या पुढे माती किंवा गवत खरवडलं असेल तर क्लब खाली जात होता, अंग पुढे गेलं होतं. टीच्या मागे खरवडलं असेल तर फेरा फार मागे तळाला गेला, आणि तू सध्या जसा रेलतोयस तसं रेललं की हेच होतं. ड्रायव्हरने जमिनीला हातच लावू नये. क्राउनवर पांढरा ओरखडा आला तर क्लब चेंडूच्या खालून गेला, बहुतेक वरून कुदळ मारल्यासारखा आलास. टीचं डोकं चिरलंय की ती जमिनीलगत मोडलीय, हेही बघावं. लगत मोडलेल्या टीचा दोष बहुधा घट्ट मातीकडे जातो.

आणि सोल बघ, तू हे कधी करत नाहीस. लाल रंगाची लाकडी टी वापर. फेसच्या खालच्या कडेपासून सोलवर लाल रेघ उमटते. ती रेघ फेसपासून सरळ मागे गेली तर क्लब फेसच्या रोखानेच चालला होता. मागे जाताना टोच्या (क्लबच्या बाहेरच्या टोकाच्या) बाजूला सरकली तर क्लब फेसच्या रोखापेक्षा डावीकडे ओढला जात होता. चेंडू उजवीकडे वळतो तो यामुळेच. हिलच्या (दांड्याकडच्या) बाजूला सरकली तर उलट. तुझ्या स्लाइसचं, म्हणजे चेंडू उजवीकडे वळण्याचं, उत्तर टी कुठे पडली यात नाही, या रेघेत आहे. सोबत फेसवर खडूची भुकटी हलकेच चोळ, चेंडूचा ठसा कुठे उमटला ते कळेल. रेघ आणि ठसा दोन्ही एकत्र वाच, आणि एका फटक्यावरून काही ठरवू नकोस.

लाल टीवरून आठवलं. लाकडी टीच्या आधी खेळाडू ओल्या वाळूची चिमूट घेऊन तिचा छोटा उंचवटा करायचे आणि चेंडू त्यावर ठेवायचे. हात माखायचे. बोस्टनचे दंतवैद्य जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट यांनी १८९९ मध्ये लाकडी टीचं पेटंट घेतलं. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापाचा हा मुलगा, हार्वर्डमध्ये शिकवणारा पहिला कृष्णवर्णीय. त्यांनी टी विकायचा धंदा केला नाही, मित्रांना वाटल्या. पुढे १९२० च्या दशकात विल्यम लोवेल या दुसऱ्या दंतवैद्याची रेडी टी खपली, ती लाल रंगाची. ग्रँट यांचं श्रेय अमेरिकन गोल्फ संघटनेने मान्य केलं ते १९९१ मध्ये. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

तुला एक विनंती. पुढचे काही दिवस टी कुठे उडाली ते बघूच नकोस. फटका मारून शेवटच्या तोलावर उभा राहा, वजन डाव्या पायावर, छाती लक्ष्याकडे. आपले सुभेदारसाहेब हेच तर सांगायचे. कंबरेचं दुखणं थांबलं की मला फोन कर, मग चेंडूच्या जागेबद्दल बोलू. कंबर आठवड्यात थांबली नाही तर क्लब ठेव आणि डॉक्टरला दाखव, अंगावर काढू नकोस.

अक्षयतृतीयेच्या आसपास इकडे येणं जमेल का? ऊन कडक असेल, पण पहाटे धुऱ्यावर वारा असतो. येताना लाल टीचं एक पाकीट आण, दारव्ह्यात मिळत नाहीत. चार इंचांपेक्षा लांब आणू नकोस, नियमात बसत नाहीत. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच