डॉजचं इंजिन भंगारात घालू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाने लिहिलं होतं, की जुन्या अमेरिकन गाड्या म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, वाड्यावाड्यांत सडणारे हे सांगाडे उचलून भंगारात घालावेत, तेवढीच जागा मोकळी होईल. जागेचं म्हणणं मला पटतं. बुधवार पेठेतल्या वाड्यात सोळा फुटांची गाडी चौकात अडून बसली की घरात काय काय ऐकावं लागतं, ते मामीच्या तोंडून मी चाळीस वर्षं ऐकलंय. पैसेवाल्यांचं मात्र पटलं नाही. मी लेथवाला माणूस. अशोक चौकाजवळच्या गाळ्यात अडतीस वर्षं यंत्रमागाचे शाफ्ट, बुश, पिनियन काढून पोट भरलं. गाळा मुलाकडे दिला, आणि मग मामांची डॉज हातात घेतली.

गाडी १९५२ ची, डॉज किंग्जवे. अमेरिकेत ही गाडी कुणी फारशी ओळखत नाही, कारण ती बाहेरच्या देशांसाठीच होती. अंग प्लायमाउथचं, तोंड डॉजचं. सुटे भाग बोटीने यायचे आणि जोडणी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये व्हायची. ही प्रीमियर काढली वालचंद हिराचंदांनी. त्यांचा जन्म १८८२ चा, आपल्या सोलापूरचा. जहाजाची कंपनी, विमानाचा कारखाना आणि मग मोटारी, असा हा माणूस. क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ साली कुर्ल्यातून त्यांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे नुसती जोडणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सनी १९५४ च्या सुमारास इथून गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली. तेव्हा ही गाडी अमेरिकन खरी, पण जोडणारा कारखाना सोलापूरकराचा होता, एवढं त्या वाचकांनी ध्यानात घ्यावं.

मामांचा सुताचा व्यापार. त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली होती. पुढच्या सीटवर चार, मागे पाच, आणि डिकीत सुताचे गठ्ठे. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं तेव्हा गावोगावी जे झालं तेच आमच्याकडे झालं. मूळ सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन उतरवलं आणि पर्किन्सचं डिझेल चढवलं. ते बसेना म्हणून पुढच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या पट्टीला, गॅसकटरने खाच मारली. मूळ इंजिन मामांनी ग्रीस चोपडून, गोणपाटात आणि वर एका जुन्या चादरीत गुंडाळून माडीखालच्या खोलीत ठेवलं. ‘पेट्रोल स्वस्त झालं की परत बसवू,’ म्हणायचे. मामा गेले, पेट्रोलचं काय झालं ते आपण रोज पाहतोच. गाडी १९८४ पासून चौकात उभी राहिली. मी न्यायला गेलो तेव्हा मामी म्हणाल्या, ‘ने बाबा, पण आधी कोंबड्या कुठं बसवायच्या ते सांग.’ मागच्या सीटवर चार कोंबड्या अंड्यावर होत्या. एकवीस दिवस थांबलो.

पुढचं सगळं लिहिलं तर आपला अख्खा अंक भरेल, म्हणून दोन-तीनच गोष्टी सांगतो.

हे इंजिन फ्लॅटहेड. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या झाकणात, नसतात, खाली ब्लॉकमध्ये असतात. हेड काढलं की सहा पिस्टन आणि बारा व्हॉल्व्ह ताटात वाढल्यासारखे समोर. पिस्टन जाम होते. घण घालायचा मोह होतो, पण घातला नाही. रॉकेल आणि गिअर ऑइल सम-सम करून सिलिंडरमध्ये ओतलं आणि रोज संध्याकाळी फ्लायव्हीलला एक पहार लावून नुसता जोर द्यायचा. तेविसाव्या दिवशी अर्धा इंच हललं. त्या दिवशी मी घरी कुणाला काही सांगितलं नाही, मुलगा म्हणाला असता, ‘अर्ध्या इंचासाठी एवढं?’

खरी मेख पुढे होती. इंजिन चालू झालं, पंधरा मिनिटांत मागचे सिलिंडर तापून लाल. रेडिएटर साफ, वॉटर पंप नवा, तरी तेच. जुन्या क्रायस्लर इंजिनात ब्लॉकच्या आत पुढून मागपर्यंत एक लांब पत्र्याची नळी असते. पंपाचं थंड पाणी तिच्यातून जातं आणि तिच्या भोकांतून नेमकं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागांवर पडतं. नळी गंजून खलास झाली की पाणी पुढच्या पुढेच फिरतं आणि मागचे सिलिंडर उपाशी राहतात. रेडिएटर आणि पंप काढल्याशिवाय ती दिसत नाही, त्यामुळे भलेभले रेडिएटरवरच पैसे घालत बसतात. आमची निम्मी नळी हातात आली, निम्मी भुगा होऊन. साखर पेठेतले एक रेडिएटरवाले मास्तर आहेत, पद्मशाली, वय पंच्याहत्तरच्या पुढे. नमुन्याचा तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, म्हणाले, ‘अण्णा, भोकं मोजलाव का?’ मी मोजली नव्हती. मग दोघांनी बसून व्हॉल्व्हच्या जागांवरून भोकांची मापं काढली, पितळी पत्रा वळवला, त्यांनी सांध्याला डाख दिला. मजुरी सातशे रुपये. गेल्या मे महिन्यात त्रेचाळीस अंशांत गाडी हिप्परग्यापर्यंत नेऊन आणली, काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही.

दुसरी गोष्ट चाकांची. या गाडीच्या डाव्या अंगाच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे. सोडवायचे तर घट्ट करायच्या दिशेने फिरवायचे. बोल्टच्या डोक्यावर तशी खूणही असते, पण वाचतो कोण! पंक्चरवाल्या पोराने चार फुटी पाइप लावून दोन बोल्ट कडाकडा मोडले आणि वर मलाच विचारलं, ‘हे असलं काय ओ मामा?’ चूक माझीच, मी चहा प्यायला गेलो होतो. अर्धा इंची, इंचाला वीस आटे, डावे. हाय टेन्साइल गजातून गाळ्यावर काढले. यंत्रमागावर डावे आटे लागतातच, त्यामुळे हात बसलेला होता. अशा वेळी वाटतं, ही गाडी मागांच्या गावात येऊन पडली हे तिचं नशीब.

ब्रेकमध्ये मात्र कुणी काटकसर करू नये. या गाड्यांना एकच हायड्रॉलिक लाइन. एका चाकाकडे गळती झाली की पेडल सरळ पायाखालच्या फळीला टेकतं आणि चारही चाकं मोकळी. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन-दोन सिलिंडर, मागे एकेक, म्हणजे सहा, आणि फळीखालचा मास्टर सातवा. सातही आतून खड्डे पडलेले. बोअर करून पितळी स्लीव्ह घातल्या, रबरं नवी, पाइप सगळे नवे. मागचे ड्रम टेपर अ‍ॅक्सलवर बसतात, हातोड्याने निघत नाहीत, त्यांना ओढून काढणारा पुलर लागतो. तो आधी बनवला. एवढ्यात पावणेदोन महिने गेले आणि बाहेरून बघणाऱ्याला गाडीत काहीच बदललेलं दिसलं नाही. शेजारी म्हणायचे, रंग कधी मारणार? रंग सगळ्यात शेवटी मारला.

विजेचं थोडक्यात. बॅटरी सहा व्होल्टची, आणि तिचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. आजची बारीक केबल लावली की स्टार्टर कण्हतो, लोक म्हणतात मोटर गेली. वेल्डिंगची जाड केबल लावा, उठेल. आणि पेट्रोलचं एक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते चालत नाही, इथेनॉल पाणीही ओढतं. आमच्या फ्युएल पंपाचं डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, दोन महिन्यांत फुगलं. आपल्याच शिवारातला ऊस आपल्याच गाडीचं रबर खातोय म्हणून मास्तर हसत होते. इथेनॉल सोसणारं रबर मिळतं, ते घातलं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. चार वर्षांत लोखंडाने मला दमवलं नाही, कागदाने दमवलं. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळा नियम केला. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढे नूतनीकरणाला ५,०००, मुदत दहा वर्षं. नियम चांगला आहे. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आमच्या आरसी बुकात १९७६ साली डिझेल इंजिनाचा नंबर रीतसर चढवलेला. मी मूळ इंजिन परत बसवलं, क्रॉस मेंबरची खाच भरून पहिल्यासारखी केली. एका कार्यालयात खिडकीवरचे साहेब म्हणाले, ‘इंजिन बदललं म्हणजे फेरफार.’ मी म्हटलं, ‘साहेब, फेरफार पन्नास वर्षांपूर्वी झाला, मी तो काढला.’ ते म्हणाले, ‘कागदावर डिझेल आहे. कागदाच्या दृष्टीने मूळ तेच.’ फाइल सात महिने तिथेच आहे. त्यांच्यावर माझा राग नाही, असली केस त्यांच्यापुढे पहिलीच असणार. पण देशभर हजारो अमेरिकन गाड्यांना त्या काळी डिझेल चढलं. कारखान्यातून आलेलं इंजिन परत बसवणं हा फेरफार धरायचा नाही, असं एक ओळीचं स्पष्टीकरण परिवहन खात्याने काढावं. एवढी एकच मागणी आहे.

ती नोंदणी मिळाली तरी गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्याचीच मुभा. गड्ड्याच्या जत्रेत मामींना बसवून सिद्धेश्वराच्या दर्शनाला न्यायचं ते यातल्या कुठल्या कारणात बसवायचं, ते बघू. देखभालीत बसवू.

आणि त्या वाचकांना, तसंच बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडे वाड्यांत अशा गाड्या असलेल्यांना सांगणं एवढंच: गाडी विकायची तर खुशाल विका, पण माडीखाली मूळ इंजिन असेल तर ते गाडीबरोबरच द्या, किलोवर वेगळं घालू नका. ब्लॉकवर कोरलेला नंबर आरसीच्या पहिल्या पानाशी ताडून पाहा. आरसी बुक, टॅक्सची जुनी पुस्तकं, विम्याच्या पावत्या फाडू नका. मला मामांची १९५८ ची एक पावती रेशनकार्डाच्या घडीत सापडली. मूळ इंजिनाचा नंबर तिच्यावर आहे आणि माझी सगळी भिस्त आता त्या कागदावर आहे. आपल्या गावात वालचंदांच्याच नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या दोन-चार पोरांनी यावं, मास्तरांचा डाख बघून जावा. मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे, त्याआधी आलेलं बरं.

माझं एक काम अजून अडलंय. डिकीचं मूळ हँडल, कुलपासकट, मिळत नाही. मुंबईला चोर बाजारात दोनदा जाऊन आलो. कुणाच्या अडगळीत १९५१-५२ च्या डॉजचं किंवा प्लायमाउथचं असेल, तुटकं असलं तरी चालेल, तर आपल्या दैनिकाच्या पत्त्यावर कळवावं. नमुना मिळाला तर मी बनवून घेईन आणि मूळ परत करीन.

आपला,
एक निवृत्त लेथवाला
अशोक चौक, सोलापूर