1861 लाच का पेटलं?

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस की गुलामी तर अमेरिकेत आधीपासूनच होती, मग यादवी युद्ध 1861 लाच का पेटलं? तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितोय. मला विचारशील तर सगळं नव्या जमिनीने पेटवलं.

जुन्या राज्यांत कशीबशी तडजोड चालली होती, पण पश्चिमेला मुलुख हाती आला की दरवेळी तोच वाद, इथे गुलाम आणायचे की नाही, कारण सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर, एक राज्य वाढलं की सिनेटचं पारडं फिरलं. 1820 ला गुलामीवालं मिसुरी आणि गुलामीबंदीवालं मेन जोडीने घ्यायचं ठरवून वेळ मारून नेली, आणि पुढच्या मुलखासाठी 36 अंश 30 मिनिटांच्या अक्षांशावर रेघ ओढली, तिच्या उत्तरेला गुलामी बंद, दक्षिणेला चालेल. 1848 ला मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियापर्यंतचा प्रदेश घेतला आणि भांडण परत सुरू. 1850 ला कॅलिफोर्निया गुलामीमुक्त राज्य झालं, पण त्याबदल्यात दक्षिणेतल्या गुलामीवाल्या राज्यांनी पळालेल्या गुलामांना पकडायचा कडक कायदा करून घेतला. त्यात असे खटले ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, म्हणजे कमिशनरने, पकडलेला माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर फी 10 डॉलर, सोडला तर 5. आणि त्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्षही देता येत नव्हती! हे वाचलं की अजून डोकं फिरतं माझं.

मग 1854 ला सिनेटर डग्लसने नवा कायदा आणून ती 1820 ची रेघच पुसली, म्हणे कॅन्ससच्या नव्या मुलखात जे राहतील त्यांनीच मतदान करून ठरवावं. झालं काय, तर पुढच्या मार्चमध्ये शेजारच्या मिसुरीतून हजारो लोक बंदुका घेऊन घुसले, मतदार साधारण 2,900 आणि मतं पडली 6,300 च्या वर. मे 1856 मध्ये गुलामीवाल्यांनी कॅन्ससमधलं गुलामीविरोधकांचं लॉरेन्स गाव लुटलं, दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये भर सिनेटच्या सभागृहात ब्रुक्स नावाच्या दक्षिणेतल्या खासदाराने गुलामीविरोधी सिनेटर समनरला त्याच्या कॅन्ससवरच्या भाषणावरून काठीने झोडपलं. समनरचे पाय जमिनीला ठोकलेल्या डेस्कखाली अडकले होते, त्याने डेस्क उपटून काढलं, तरी हा मारतच राहिला, पार काठी मोडेपर्यंत. आणि दक्षिणेतल्या लोकांनी ब्रुक्सला नव्या काठ्या भेट पाठवल्या रे!

1857 ला सुप्रीम कोर्टाने स्वातंत्र्य मागणाऱ्या ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सांगितलं की अशा नव्या प्रदेशांत गुलामी रोखायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, नाहीच, म्हणजे तडजोडीची वाटच बंद. लिंकन तर 1860 ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एवढंच म्हणत होता की जुन्या राज्यांतल्या गुलामीला हात लावणार नाही, फक्त नव्या मुलखात पसरू देणार नाही. तेवढ्यावरून त्याने शपथ घ्यायच्या आधीच दक्षिणेतली सात राज्यं देशातून फुटून निघाली, आणि 1861 ला युद्ध पेटलं.

तुझाच मित्र