तलाव समित्यांनी एवढे पाळावे

शहरांतील तलावांसाठी नागरिकांच्या समित्या उभ्या राहत आहेत, हे स्वागतार्ह आहे. पण उत्साहाने कार्यकारिणीत आलेली मंडळी अनेकदा कागदपत्रांतच अडकतात. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर पदाधिकारी बदलल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करून घेण्याचा अर्ज, द्यावा लागतो. तो रखडला की बँकेतील सह्याही रखडतात आणि ऐन मे महिन्यात सफाईच्या मजुरीला पैसे निघत नाहीत. म्हणून ठराव, राजीनामे आणि नव्या सदस्यांची संमतीपत्रे निवडीच्या सभेतच घ्यावीत. सगळी कार्यकारिणी एकदम बदलू नये.

जलपर्णी फुलोऱ्याआधीच काढावी. तिचे बी गाळात वर्षानुवर्षे तग धरते. उपसलेला ढीग काठावर ठेवला तर पहिल्याच जोरदार पावसात तो परत पाण्यात जातो.

पाण्यातील प्राणवायू मोजायचा तो पहाटे. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडत असते, त्यामुळे आकडा चांगला दिसतो. पहाटे तोच लिटरला 2-3 मिलिग्रॅमखाली गेला की मासे मरून तरंगू लागतात. पाण्याची पारदर्शकता मोजायला 20 सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी आणि खुणा केलेली दोरी पुरते; तबकडी किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहायचे. मोजणी दर पंधरवड्याला, त्याच जागी, त्याच वेळी व्हावी. नोंदवहीत तारीख, वेळ आणि आदल्या दिवसाचा पाऊस नसेल, तर पालिकेपुढे ते आकडे टिकत नाहीत. या वहीची प्रत प्रत्येक सदस्याकडे हवी, एकट्या अध्यक्षांच्या कपाटात नव्हे.

– तलाव संवर्धन कार्यकर्ते, ठाणे